लेझर की दुर्बीण? बडोद्यात नाकातल्या पॉलिपचं ऑपरेशन करून घेतलं, त्याचा अनुभव

गेल्या नवरात्रात सुभानपुऱ्याच्या एका काकूंनी गोड्या मसाल्याची अर्ध्या किलोची पिशवी परत आणून दिली. चिडल्या नव्हत्या. पिशवी ओट्यावर ठेवून एवढंच म्हणाल्या, "अगं, तीळ करपलेत यातले. तुला भाजताना वास नाही आला?" मी पिशवी सोडून नाकाशी धरली. काहीच नाही, रिकामा डबा हुंगावा तसं. जाऊबाईंपुढे केली तर त्यांनी लांबूनच मान वळवली. म्हणजे अख्खा घाणा करपला होता, आणि मी शेगडीपाशी दीड तास उभी राहून मला ते कळलं नव्हतं. त्यातला मसाला तोवर सात घरांत गेला होता. सगळ्यांना फोन केले, परत मागवला, पैसे दिले.

दांडिया बाजारातल्या आमच्या घरातून मी २२ वर्षं मसाले, मेतकूट आणि भाजणी विकते. माझ्याकडे वजनकाटा आहे, पण तीळ कधी उतरवायचे, खोबरं कुठल्या रंगावर थांबवायचं, दगडफुलाला किती तेल सोडायचं, हे काट्यावर कळत नाही. ते नाक सांगतं. ते नाक गेलं म्हणजे माझा धंदाच गेला. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहिते आहे. "नाकातले मस (म्हणजे पॉलिप) लेझरनं काढायचे की साध्या ऑपरेशननं" हा प्रश्न मला या सहा-सात महिन्यांत निदान पंधरा जणांनी विचारलाय, आणि मीही आधी तोच विचारत फिरत होते.

त्रास तसा दोन वर्षं होताच. नाक दोन्ही बाजूंनी चोंदलेलं, रात्री तोंड उघडं टाकून झोपायचं, सकाळी घसा कोरडाठाक. बोलले की सगळे विचारायचे, सर्दी झालीय का? मी समजत होते, मिरचीच्या खकाण्याची ॲलर्जी. मेडिकलमधून नाक मोकळं करणारे थेंब आणून रोज रात्री घालायचे. हे आधी सांगून टाकते, कारण बऱ्याच घरांत ती बाटली उशाशी असते: ते थेंब चार-पाच दिवसांपुरते असतात. महिनोन् महिने घातले तर त्यांचा असर उतरला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि बाटली सुटत नाही. माझी दीड वर्ष सुटली नव्हती.

मसाला परत आला त्याच आठवड्यात एका लेझर क्लिनिकमध्ये गेले. नाव लिहीत नाही. जाहिरात पाहिली होती: चिरफाड नाही, टाके नाहीत, २० मिनिटांत काम, कायमची सुटका. आत गारेगार हवा, सोफे, पाण्याच्या छोट्या बाटल्या. डॉक्टरांनी कपाळावरच्या दिव्यानं दोन मिनिटं नाकात पाहिलं, "मस आहेत" म्हणाले आणि मला शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथे एक मुलगी होती, सगळी पुढची बोलणी तीच करत होती. ४८,००० रुपये, आणि आज नोंदवलं तर ५,००० कमी. मी विचारलं, स्कॅन वगैरे? म्हणाली, गरज नाही आंटी. परत तर नाही ना येणार? "शंभर टक्के नाही, लेझर मुळापासून जाळतं."

पर्समध्ये पैसे होते. करपलेल्या मसाल्यानं मी इतकी हबकले होते की त्या दिवशी कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मला अडवलं ते त्या "मुळापासून" शब्दानं. माझ्या वडिलांना हाच आजार होता. १९८३ साली त्यांचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा मी शाळेत होते. नाक बधिर करून, खुर्चीत बसवून, तारेच्या फासानं मस ओढून काढायचे. आईनं घरी आल्यावर सांगितलं होतं, डॉक्टर म्हणाले मुळापासून काढलंय. नंतर तीनदा तेच ऑपरेशन झालं. तीनदा तेच वाक्य. मी त्या मुलीला म्हटलं, घरी विचारून सांगते, आणि उठले. संध्याकाळपर्यंत तिचे चार फोन आले.

वडिलांची गोष्ट इथे उगाच नाही लिहिली. जाहिरातीत जेव्हा "पारंपरिक ऑपरेशन" म्हणून भीती घालतात, तेव्हा चित्र त्या तारेच्या फासाचं उभं करतात. रक्त, दुखणं, परत परत. पण आज नाकाचे डॉक्टर ज्याला साधं ऑपरेशन म्हणतात ते वेगळंच आहे. नाकपुडीतून पेनाच्या रिफीलपेक्षा थोडी जाड, कडक दुर्बीण घालून, पडद्यावर बघत बघत, नाकाच्या आतून सायनसची तोंडं उघडायची. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात मेसरक्लिंगर नावाच्या डॉक्टरांनी या पद्धतीचा पाया घातला आणि १९८५ च्या सुमारापासून ती जगभर पसरली. म्हणजे वडिलांच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ती इथवर आलीच नव्हती. यातही बाहेरून कुठे चीर नसते, चेहऱ्यावर टाका नसतो. "चिरफाड नाही" ही काही एकट्या लेझरची खासियत नाही, हे मला चांगलं ५२ व्या वर्षी कळलं.

दुसरे डॉक्टर भावोजींच्या ओळखीतून मिळाले. वयस्कर, गुजराती, बोलायला सावकाश. दवाखाना साधा, बाकडी लाकडी, नंबर यायला दोन तास. मात्र आत गेल्यावर त्यांनी माझ्यासाठी चाळीस मिनिटं दिली. आधी औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती नाकात ठेवल्या आणि दहा मिनिटं बाहेर बसवलं. मग दुर्बीण घातली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

ते दृश्य मी विसरणार नाही. बाजूला गुलाबी, मांसल भाग होता, तो सगळ्यांनाच असतो, नाकातली हवा गरम-ओली करण्याचं त्याचं काम. आणि त्याच्या मागे, वरच्या फटीतून लोंबणारे पांढुरके, ओले, चमकणारे घोस. सोललेल्या ताडगोळ्यासारखे, आपण बडोद्यात गलेली म्हणतो ना, अगदी तसे. आतून उजेड आरपार जाईल असे. डॉक्टरांनी एक बोथट सळई गुलाबी भागाला लावली, मी दचकले. मग तीच पांढुरक्या गोळ्याला लावली, ढकलली, तो हलला. "बेन, दुखे छे?" नाही. काही कळलंच नाही. ते म्हणाले, हीच पॉलिपची ओळख, त्याला संवेदना नसते. पुष्कळ लोक गुलाबी भाग सुजलेला बघून त्यालाच मस समजतात, आणि कधीकधी उपचारही त्याचेच होतात.

दोन्ही बाजूंना सारखेच आहेत हे त्यांनी दोनदा तपासलं. मी विचारलं, एका बाजूला असते तर बरं झालं असतं का? उलट म्हणाले. एकाच नाकपुडीत गाठ असली की डॉक्टरला जास्त सावध राहावं लागतं, ती साधी पॉलिपच असेल असं नाही, तुकडा तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. लहान मुलांत आणि तरुणांत गालाच्या सायनसमधून एकच लांब पॉलिप घशाकडे वाढत जातो, त्याची तऱ्हा आणखी वेगळी.

मग त्यांनी असा एक प्रश्न विचारला की मी चमकले. "डोकेदुखीची गोळी घेऊन कधी श्वास लागलाय?" मला दम्याचा हलका त्रास आहे, हिवाळ्यात पंप लागतो. पण गोळीचा संबंध मी कधी लावला नव्हता. आणि मग आठवलं: पुतण्याच्या लग्नात, तीन वर्षांपूर्वी, डोकं दुखत होतं म्हणून कोणीतरी दिलेली गोळी घेतली आणि अर्ध्या तासात छाती इतकी भरून आली की मला मांडवामागे खुर्चीवर बसवलं होतं. आम्ही सगळ्यांनी होमाच्या धुराला बोल लावला होता. डॉक्टरांनी सांगितलं, काही लोकांत दमा, नाकातले पॉलिप आणि ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा गोळ्या न सोसणं, या तीन गोष्टी एकत्र येतात. अशांचे पॉलिप परत येण्याची शक्यता बरीच जास्त. फाइलवर लाल पेनानं लिहिलं. दुखलं-खुपलं तर पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या मापातच.

त्या लेझरवाल्या क्लिनिकमध्ये हे कोणी विचारलं नव्हतं. ऑपरेशननंतर त्यांनी मला दुखण्यावर कुठली गोळी दिली असती, या विचारानं मला आजही धस्स होतं.

सीटी स्कॅन झाला. फिल्म उजेडात धरून डॉक्टरांनी जागा दाखवल्या. दोन डोळ्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखे छोटे छोटे कप्पे असतात. निरोगी माणसाचे ते काळे दिसतात, कारण आत हवा असते. माझे सगळे राखाडी, म्हणजे भरलेले. पॉलिप तिथून उगवतात आणि नाकात उतरतात. आपल्याला दिसतो तो नुसता खालचा घोस. त्या कप्प्यांच्या एका बाजूला डोळा, मध्ये कागदासारखं पातळ हाड. वर छत, आणि छताच्या पलीकडे मेंदू. वास ओळखणारे तंतूही त्याच छतातून खाली येतात, आणि माझ्या तिथल्या फटीत पॉलिप ठासून भरले होते. म्हणून तीळ करपल्याचं कळलं नाही.

मग मी सरळ विचारलं: लेझरनं का नाही?

त्यांनी लेझरला नावं ठेवली नाहीत, हे मला फार आवडलं. म्हणाले, लेझर म्हणजे प्रकाशानं दिलेली उष्णता. तिनं मांस जळतं, आक्रसतं, रक्त कमी जातं. एखादा लहानसा पॉलिप परत डोकावला असेल, समोर दिसत असेल, तर नाक बधिर करून ओपीडीतच लेझरनं तो काढता येतो. नाकातला तो गुलाबी भाग फुगून राहिला असेल तर तोही बारीक करता येतो. पण माझ्यासारखा पोळ्याचा कप्पा अन् कप्पा भरलेला असेल, तर समोरचे घोस जाळून दरवाजे उघडत नाहीत. भिंतींआड आत शिरून लेझर मारत बसलं तर उष्णता कुठवर पोहोचते यावर ताबा ठेवणं अवघड, आणि पलीकडे डोळा आहे. शिवाय भाजलेल्या जागी खपल्या जास्त धरतात. तिसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: जे जाळलं ते तपासायला उरत नाही. पॉलिप कुठल्या जातीचा आहे, आत बुरशी आहे का, दुसरंच काही नाही ना, हे तुकडा प्रयोगशाळेत गेल्याशिवाय कळत नाही.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात ते जे यंत्र वापरतात त्याला मायक्रोडिब्रायडर म्हणतात. बारीक नळी, टोकाला फिरणारं पातं, आणि त्याच नळीतून खेचून घेण्याची सोय. पॉलिप आत ओढला जातो, कातरला जातो, आणि तुकडे गाळणीत जमतात. खालचं चांगलं अस्तर जितकं राखता येईल तितकं राखायचं. ऐकताना मला नारळ खोवताना खोवणी करवंटीला लागू द्यायची नाही, ते आठवलं.

धोके त्यांनी न विचारता सांगितले. रक्तस्राव, डोळ्याला इजा, छताला धक्का लागून मेंदूभोवतीचं पाणी नाकातून गळणं. क्वचित होतं, पण होतं. म्हणून स्कॅन आधी, आणि तोच स्कॅन ऑपरेशनच्या वेळी समोर टांगलेला. आणि "परत येणारच नाही" असं मी म्हणणार नाही, म्हणाले. तुमच्या दम्यासारखाच हा आजार आहे. ऑपरेशननं जागा मोकळी होते, मग औषध आतवर पोहोचतं. औषधाचा स्प्रे आणि नाक धुणं आयुष्यभराचं समजा. पुढे फारच बळावलं तर काही इंजेक्शनं आहेत, त्यातल्या एकाला अमेरिकेत २०१९ मध्ये पॉलिपसाठी मान्यता मिळाली, पण ती फार महाग, तो विचार आज करायचा नाही.

खरं सांगते, बाहेर पडताना मी नाराज होते. तिकडे शंभर टक्के मिळत होते, इकडे आयुष्यभराची बाटली. हे रिक्षात म्हणाले, "वडिलांना चार वेळा शंभर टक्के मिळाले होते ना?"

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या, साखर तपासून, रोज थोड्या कमी करत दहा दिवस. पाचव्या दिवशी मी धने आणायला हाथीखान्यात गेले होते. पोत्यांच्या रांगेतून चालताना एकदम काहीतरी झालं. आधी कळेना काय. मग ओल्या तागाचा वास. मग जिरं. मग उघड्या डब्यातला हिंग, इतका जोरात की डोळ्यांत पाणी आलं. मी तिथेच उभी राहिले. दुकानदार विचारतोय, बेन, किती देऊ, आणि मी एका पोत्यातून दुसऱ्या पोत्याकडे जात होते. बडीशेप, लवंग, मेथी. घरी आल्यावर दोन दिवस मी कपाटातल्या साड्यासुद्धा हुंगल्या. गोळ्या संपल्यावर साधारण तीन आठवड्यांत सगळं हळूहळू विझलं. पण त्यातून एक कळलं, आणि डॉक्टरांनाही तेच बघायचं होतं: वासाचे तंतू जिवंत आहेत, वाट तेवढी बंद आहे.

ऑपरेशन उत्तरायण झाल्यावर करू म्हणाले. छातीच्या डॉक्टरांकडून दम्यासाठी फिटनेस घ्यावा लागला, पंप महिनाभर नियमित. खर्चाचं लिहिते, कारण सगळे आधी तेच विचारतात. सगळं मिळून माझे ८४,००० झाले, त्यात भूल, एक रात्र, यंत्राचं पातं आणि तपासणी आली. मेडिक्लेम चौथ्या वर्षात होता म्हणून चालला. बऱ्याच पॉलिसींमध्ये सायनस आणि नाकाच्या ऑपरेशनांना पहिली दोन वर्षं पैसे मिळत नाहीत, तेवढं आपलं कागद काढून वाचा. इस्पितळावर माझी पहिली तक्रार इथेच आहे. पात्याचे आणि इतर वस्तूंचे ९,००० मेडिक्लेममध्ये बसत नाहीत हे डिस्चार्जच्या दिवशी सांगितलं. आदल्या दिवशी सांगता आलं असतं. दुसरी तक्रार, सकाळी दहाला "घरी जा" म्हणाले आणि बिलाचे कागद व्हायला चार वाजले. नाकात बोळे, तोंडानं श्वास, आणि त्या खोलीत सहा तास.

ऑपरेशन दोन तास चाललं, पूर्ण भूल देऊन. त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, कारण मला काहीच कळलं नाही. जाग आली तेव्हा दोन्ही नाकपुड्या बंद आणि घशात रक्ताची चव. दुखणं मी समजत होते त्यापेक्षा खूप कमी होतं. त्रास झाला तो कोरड्या तोंडाचा. रात्रभर घोट घोट पाणी. गिळताना कानात दडे बसायचे, कारण नाक बंद असलं की गिळताना हवा जायला जागा नसते. हे आधी कोणी सांगितलं असतं तर मी घाबरले नसते. रात्रपाळीच्या सिस्टरबाईंनी ओठांना लावायला तूप आणून दिलं, स्वतःच्या डब्यातलं. त्यांना हे वाचायला मिळेल की नाही माहीत नाही, पण त्यांची आठवण रोज येते.

बोळे दोन दिवसांनी काढले. ते स्पंजसारखे असतात, आत ओले होऊन फुगलेले. काढण्याआधी त्यांवर सलाइन सोडून मऊ केले. एक एक करून, लांबच लांब, वाटलं डोक्यातून काहीतरी ओढून काढतायत. दहा-दहा सेकंदं असतील. नंतर थोडं रक्त, आणि मग नाकातून हवा. गार हवा, थेट घशापर्यंत. दोन वर्षांत ती मला लागली नव्हती. मी खुर्चीत बसून नुसती श्वास घेत राहिले. डॉक्टरांनीही घाई केली नाही.

पुढचे सहा आठवडे हा या सगळ्यातला खरा कष्टाचा भाग आहे, आणि ऑपरेशन कुठल्याही पद्धतीनं करा, क्लिनिक निवडताना याची चौकशी आधी करा. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, वाकून काही उचलायचं नाही. मी तीन आठवडे शेगडी पेटवली नाही, जाऊबाईंनी भाजणी सांभाळली. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्याला डॉक्टरांनी परत दुर्बीण घालून खपल्या आणि चिकट स्राव खेचून काढला. बोळे काढण्यापेक्षा ते जास्त झोंबतं. पण दुसऱ्या वेळी त्यांनी पडद्यावर दाखवलं, दोन भिंती एकमेकींना चिकटायला लागल्या होत्या, त्या त्यांनी तिथेच सोडवल्या. ते राहिलं असतं तर उघडलेला दरवाजा परत बंद झाला असता. या सगळ्या फेऱ्या ८४,००० मध्येच धरलेल्या होत्या. लेझरवाल्या पॅकेजमध्ये नंतरची एकच भेट होती, हे मी तेव्हा वाचलं होतं आणि मला त्यात काही खटकलंही नव्हतं.

नाक धुणं दिवसातून दोनदा. २४० मिलीची मऊ बाटली, मिठाची तयार पुडी, आणि पाणी उकळून गार केलेलंच. थेट नळाचं कधीही नाही. अशा पाण्यातून क्वचित एक अमिबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो आणि तो जीव घेतो. पुढे वाकायचं, तोंड उघडं, एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर. पहिल्यांदा बुडतोय असं वाटलं. आता अंघोळीसारखं झालंय. मग स्प्रे. डावी नाकपुडी उजव्या हातानं, उजवी डाव्या हातानं, टोक दोन नाकपुड्यांमधल्या पडद्याकडे नाही, बाहेर डोळ्याच्या कोपऱ्याकडे. मी आधी वर्षभर उलटा मारत होते, म्हणून नाकातून रक्त यायचं आणि मी स्प्रे सोडून द्यायचे.

तपासणीचा अहवाल दहा दिवसांनी आला. साधे, ॲलर्जीच्या जातीच्या सुजेचे पॉलिप, इओसिनोफिल नावाच्या पेशी पुष्कळ, बुरशी नाही. वाईट काही नाही. बुरशी निघाली असती तर पुढचं औषध बदललं असतं. हे पान माझ्या फाइलीत आहे म्हणून रात्री झोप लागते. वडिलांच्या चारही वेळच्या कागदांत असं पान एकही नाही, मी मुद्दाम शोधलं.

आता दुसरी बाजू. आमच्या इमारतीतल्या एका ताईंनी लेझर करून घेतलंय, आणि त्या खूश आहेत. त्यांना पॉलिप नव्हते, तो गुलाबी भागच फुगून बसलेला होता. सकाळी गेल्या, दुपारी घरी, चार दिवसांत ऑफिस. त्यांना मी दुर्बिणीच्या ऑपरेशनचा सल्ला कशाला देऊ? मामेसासऱ्यांचं वय ७८, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, पूर्ण भूल झेपणार नाही, एका बाजूनं आधी ऑपरेशन झालेलं आणि तिथे छोटासा पॉलिप परत आला. त्यांना त्यांच्या डॉक्टरांनी लेझर सुचवलंय, तुकडा आधी काढून तपासून. मला ते पटतं. लेझरचा मला राग नाही. स्कॅन न करता, दुर्बीण न घालता, दम्याचं न विचारता, नाकाच्या पुढच्या अर्ध्या इंचावरून पैसे सांगण्याचा मात्र राग आहे, आणि तो जात नाही. त्या दिवशी ४३,००० रुपये भरले असते, पुढचे घोस जळले असते, दोन महिने नाक मोकळं वाटलं असतं आणि मी सगळ्यांना लेझर किती छान ते सांगत फिरले असते.

म्हणून आता कोणी विचारलं की लेझर की साधं, तर मी आधी विचारते, दुर्बिणीनं पाहिलंय का, स्कॅन झालाय का, एका बाजूला आहे की दोन्ही, दमा आहे का, गोळ्या सोसतात का. यातलं निम्मं तरी "नाही" निघतं. तेवढं करून या, म्हणते, मग तुमचे डॉक्टरच तुम्हाला सांगतील काय वापरायचं, आणि त्यांनी "कायमचं" म्हटलं तर दुसऱ्या एका डॉक्टरांना दाखवा.

सात महिने झाले. रात्री तोंड मिटून झोपते. एप्रिल-मेमधल्या मिरचीच्या हंगामात मास्क लावून काम केलं, नाक चोंदलं नाही. वास सगळा परतलेला नाही. पहिल्यांदा हिंग आला, मग धने, जिरं, कढीपत्ता. तिळाचा वास भाजायला लागल्यावर येतो, आणि करपायच्या आधीचा जो एक गोडूस टप्पा असतो तोही आता कळतो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून रोज सकाळी चार डब्या उघडून हुंगायचा सराव करते, लवंग, लिंबाची साल, निलगिरी, गुलाब. पुढची दुर्बीण दिवाळीआधी आहे.

दगडफूल मात्र अजून नाही. डबा उघडते, नाकाशी धरते, डोळे मिटून थांबते. कधी वाटतं काहीतरी आहे, ओल्या मातीसारखं, अगदी लांबून. मग जाऊबाईंना हाक मारते, त्या येऊन वास घेतात आणि सांगतात, झालं, उतरव.